बिबट्याच्या शेजारी पाच किलोमीटर

दिवाळीचा फराळ संपत आला की ऑफिसात एक साथ पसरते. कॅन्टीनमध्ये, लिफ्टमध्ये, अगदी स्मोकिंग झोनमध्येसुद्धा (!) एकच प्रश्न ऐकू येतो, "यंदा हाफ की टेन के?" २००४ च्या फेब्रुवारीत मुंबई मॅरेथॉन पहिल्यांदा झाली, तेव्हा "पैसे भरून कशाला धावायचं? लोकलमागे फुकटात धावतोच की!" असले विनोद चालायचे. आता धावत नाही म्हणणाऱ्यालाच कारण द्यावं लागतं. शूज येतात, घड्याळ येतं, अ‍ॅप डाऊनलोड होतं. आणि मग खरा प्रश्न उभा राहतो. बॉस, या शहरात धावायचं कुठे?

फुटपाथवर म्हणाल, तर तिथे पार्क केलेल्या बाइक्स, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि वडापावची गाडी यांच्यामधून जे होतं ते धावणं नव्हे, ती अडथळ्यांची शर्यत! मरीन ड्राइव्ह उत्तम आहे, पण कांदिवली-मुलुंडच्या माणसाने तिथे रोज जायचं म्हणजे धावण्यापेक्षा प्रवासच जास्त. राहता राहिल्या दोन जागा. एक घराजवळची बाग किंवा मैदान, आणि दुसरी आपल्या या अजब शहराच्या पोटात असलेलं जंगल. मी दोन्हीकडे धावते. दोन्हींचे फंडे वेगळे आहेत, आणि ते वेगळे आहेत हे कळणं आपल्या पेसपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

कट्टा, बाग आणि गोल गोल राणी

आधी बागा. दादरच्या शिवाजी पार्कचा कट्टा म्हणजे धावणाऱ्यांची बालवाडी. १९२५ साली लोकांसाठी खुलं झालेलं हे मैदान. कट्ट्याचा एक फेरा भरतो साधारण १.१७ किलोमीटर. म्हणजे चार फेऱ्या आणि वर थोडंसं, की झाले तुमचे पाच किलोमीटर. घड्याळ घरी विसरलात तरी हिशेब चुकत नाही. वाटेत आजोबांचे ग्रुप, क्रिकेटची किट घेऊन निघालेली पोरं, कट्ट्यावर बसून जगाच्या राजकारणावर निकाल देणारे काका. सगळ्यांना वळसे घालत धावावं लागतं, पण कंटाळा येत नाही.

दादरच्याच पारशी कॉलनीतल्या फाइव्ह गार्डन्सभोवती जुन्या झाडांची दाट सावली आहे. वांद्र्याचा जॉगर्स पार्क १९९० मध्ये सुरू झाला. समुद्राला लागून जिथे पूर्वी कचरा पडायचा, तिथे आज चारशे मीटरचा ट्रॅक आहे. नेपियन सी रोडच्या प्रियदर्शिनी पार्कात चारशे मीटरचा सिंथेटिक ट्रॅक आहे, आणि बाजूला समुद्र! इंटरव्हल करायचे असतील तर याच्यासारखी जागा नाही.

बागेचं सुख काय, तर दिवे असतात, वॉचमन असतो, पाणी मिळतं आणि माणसं असतात. माझ्यासारखी एखादी मुलगी एकटी पहाटे साडेपाचला बाहेर पडते, तेव्हा या चार गोष्टींची किंमत कळते. पायात गोळा आला तर बाकावर बसता येतं, कुणीतरी "काय झालं बेटा?" असं विचारतंही. शिवाय सव्वासहाला थांबून, आंघोळ उरकून, डबा भरून आठ बाराची लोकल पकडता येते.

पण आठ किलोमीटर धावायचे म्हणजे चारशे मीटरच्या वीस फेऱ्या. बाराव्या फेरीला तोच बाक, तोच कुत्रा, तेच शवासनातले काका दिसले की डोकं गरगरायला लागतं. त्यात मुंबईची हवा. आपल्याकडे घाम भरपूर येतो, पण हवेतच इतकी वाफ असते की तो वाळत नाही. घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही, आणि हृदयाला जादा काम लागतं. म्हणून पुण्या-नाशकाच्या मित्राने टाकलेल्या टायमिंगशी इथे स्पर्धा करण्यात अर्थ नाही. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढी एकच कसोटी ठेवा. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा.

आणि मग एखाद्या रविवारी कुणीतरी म्हणतं, "चल ना, नॅशनल पार्कला जाऊ."

बोरिवलीच्या गेटच्या आत

बोरिवली पूर्वेला उतरून हायवेपर्यंत आलात की समोर गेट. आत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी हे दोन इथलेच, अनुक्रमे १८६० आणि १८७९ मध्ये बांधून झालेले. दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या आपण नाले करून टाकलेल्या नद्या याच डोंगरांतून निघतात. विश्वास बसत नाही ना? मलाही दहिसर नदी इथे पहिल्यांदा पाहिल्यावर "हीच ती?" असं झालं होतं.

धावणाऱ्यांचा लाडका मार्ग म्हणजे मुख्य गेटपासून कान्हेरी लेण्यांकडे जाणारा डांबरी रस्ता. साधारण सहा किलोमीटर. सुरुवातीला बऱ्यापैकी सपाट, मग झाडी दाटत जाते आणि शेवटच्या टप्प्यात चढ तुमची परीक्षा घेतो. वर शंभराहून अधिक लेणी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे कैक शतकं इथे बौद्ध भिख्खूंचा राबता होता. कातळात खोदलेली पाण्याची टाकी, ज्यांना पोढी म्हणतात, ती बघाच. कल्याण आणि सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे शिलालेख इथे आहेत. म्हणजे शहरातल्या कमावत्या लोकांनी डोंगरावर येऊन दम खाण्याची परंपरा तशी जुनीच!

ऋतूप्रमाणे रस्त्याचं रूप बदलतं. पावसाळ्यात सगळं हिरवंगार, पण डांबरावरही शेवाळ धरतं, उतारावर ब्रेक लागत नाही. ओढ्यात पाय घालायचा मोह टाळा, वर डोंगरात पाऊस झाला की पाणी बघता बघता चढतं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा खरा सीझन. फेब्रुवारी-मार्चला पळस, पांगारा, काटेसावर पेटतात, सागाची पानं पायाखाली चुरचुरतात. आणि कारवी! साधारण आठ वर्षांतून एकदा फुलते, २०१६ मध्ये इथले उतार जांभळे झाले होते.

दुसरा मार्ग आरेचा. १९४९ साली सुरू झालेल्या दूध वसाहतीमुळे ही झाडी शहराच्या मध्यात टिकून राहिली. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी रातोरात दोन हजारांवर झाडं तोडली गेली, तेव्हा पहाटे धावायला येणारे कितीतरी जण पहिल्यांदाच हातात फलक घेऊन उभे राहिले होते. आता ती मेट्रो धावते आहे, आरे हे तिचं स्टेशनही आहे. मी त्या मेट्रोने जाते, आणि त्या झाडांची आठवणही काढते. दोन्ही खरं आहे. धावण्यासाठी आरेतले आतले रस्ते छान, पण गोरेगावहून पवईकडे जाणाऱ्या मुख्य रस्त्यावर गाड्या सुसाट असतात. तिथे अंधारात धावणं म्हणजे बिबट्यापेक्षा टेम्पोची भीती जास्त.

तिसरा मार्ग ठाणेकरांचा, येऊरचा. उपवन तलावापासून घाटरस्ता वर चढतो आणि जंगलाच्या पूर्व अंगाला नेऊन सोडतो. चढाचा सराव करायचा असेल तर याला तोड नाही. मात्र सकाळी आपण जिथे "काय शांतता आहे!" म्हणतो, तिथेच रात्री बंगल्यांवर डीजे आणि टर्फवर फ्लडलाइट लागतात, अशा तक्रारी तिथले आदिवासी आणि निसर्गप्रेमी वर्षानुवर्षं करत आले आहेत.

त्याची शिफ्ट, आपली शिफ्ट

आता मुद्द्यावर येते. या जंगलाला मालक आहे, आणि तो रात्रपाळी करतो.

२०१८ मध्ये लावलेल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये उद्यान आणि आसपासच्या भागात ४७ बिबटे मोजले गेले. प्रत्येकाच्या अंगावरचे ठिपके वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे, त्यामुळे मोजणी करता येते. एवढ्या मोठ्या शहराला खेटून एवढे बिबटे राहतात आणि बहुतेक दिवशी कुणाला काही होत नाही, ही खरी बातमी आहे. ती पहिल्या पानावर येत नाही, कारण काही न घडणं ही आमच्या धंद्यात बातमी नसते!

पण नेहमीच असं नव्हतं. २००२ ते २००४ या काळात इथे हल्ले खूप वाढले होते. त्या वेळी सरसकट उपाय एकच, पिंजरा लावा, बिबट्या पकडा, दुसरीकडे सोडा. इतर ठिकाणी पकडलेले बिबटे या उद्यानातही सोडले जात होते. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर भागात केलेल्या अभ्यासातून दिसलं की असं उचलून नेऊन सोडल्याने हल्ले कमी होत नाहीत, उलट वाढतात. साहजिक आहे. घर सुटलेला, वाट न कळणारा प्राणी अनोळखी माणसांमध्ये भेलकांडणारच. पुढे २०११ पासून वनखात्याने 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' या मोहिमेत अभ्यासक, पोलीस, पत्रकार आणि रहिवाशांना बरोबर घेतलं. सूर असा, की बिबट्या हलवायचा नाही, आपल्या सवयी बदलायच्या.

आणि इथेच आपल्यासारख्या धावणाऱ्यांची गोची होते. बिबट्याची कामाची वेळ संध्याकाळ ते पहाट. आपली लॉग-इनची वेळ नऊ. म्हणजे वीकडेला लाँग रन करायचा तर पाचला सुरुवात हवी, आणि पाचला जंगलात अंधार असतो, त्याची ड्युटी संपलेली नसते.

आमच्या रनिंग ग्रुपमध्ये महिन्यातून एकदा तरी कुणीतरी हा विषय काढतंच. "यार, गेट अजून लवकर उघडायला पाहिजे. आपण टॅक्स भरतो." परवा हाच डायलॉग एका मित्राने कान्हेरीच्या पायथ्याशी काकडी खाताना मारला. काकडी विकणाऱ्या मावशी तिथल्याच पाड्यातल्या, वारली. मी त्यांना विचारलं, "मावशी, तुम्ही तर इथेच राहता. भीती नाही वाटत?"

त्यांनी मिठाची पुडी पुढे केली आणि म्हणाल्या, "तो त्याच्या वाटेनं जातो, आम्ही आमच्या. अंधारात तुमच्यासारखं पळत नाही आम्ही."

मित्र गप्प. काकडी संपेपर्यंत गप्प.

वारली समाज वाघोबाला देव मानतो, त्यात मोठा वाघही आला आणि बिबट्याही. शेजारी राहायचं तर मान ठेवायचा, अशी ती साधी समजूत आहे. पण त्यात रोमँटिक काही शोधायला जाऊ नका. पाड्यात घरटी संडास नसेल, दिवा नसेल, तर अंधारात बाहेर पडावंच लागतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीत, आरेमध्ये बिबट्याच्या हल्ल्यात एक चिमुरडी गेली. अंधारात बाहेर पडायचं की नाही याची निवड आपल्याला असते, या घरांना नसते. आपला हट्ट फार तर आपल्याला एक थरारक स्टोरी देईल, पण त्यातून बिबट्या बिथरला तर किंमत पाड्यातलं पोर मोजणार. गेट लवकर उघडावं या मागणीवर माझी सही मिळणार नाही ती यासाठी. सही करायचीच असेल, तर पाड्यांवर दिवे आणि संडास हवेत या मागणीवर करीन.

मग करायचं काय?

सोपं आहे. वीकडेला बाग, रविवारी जंगल.

सोमवार ते शुक्रवार घराजवळचं मैदान, ट्रॅक किंवा कट्टा. अर्धा-पाऊण तास पुरतो. लाँग रन रविवारी, आणि तोही लख्ख उजाडल्यावर. नॅशनल पार्कात मॉर्निंग वॉकसाठी वनखात्याचे पास मिळतात. किती वाजता आत सोडतात आणि कुठपर्यंत जाता येतं हे गेटवर विचारून घ्या, आणि जे सांगतील ते पाळा. गार्डशी हुज्जत घालू नका. तो आपल्यासाठीच उभा असतो.

आत गेल्यावर ठरलेला रस्ता सोडायचा नाही. शॉर्टकट, पायवाटा, "जरा आत जाऊन फोटो काढू" हे सगळं बंद. जंगलात घड्याळातला पेस बघूच नका, चढ-उतारात तो आकडा निरर्थक असतो. तास-सव्वा तास धावायचं ठरवा आणि तेवढंच धावा. इअरफोन बॅगेत ठेवा. वानरं अचानक खेकसायला लागली, हरणांनी इशारा दिला, तर ते ऐकू यायला हवं. मुलींनो, आणि मुलांनोही, एकटे जाऊ नका. दोघं-तिघं मिळून गप्पा मारत धावा. आवाज ऐकला की बिबट्या स्वतःच बाजूला होतो, त्याला आपल्याशी ओळख वाढवायची नसते. लेस बांधायला रस्त्याच्या कडेला एकट्याने वाकून बसू नका. खाली बसलेला माणूस लहान दिसतो, आणि लहान दिसणं इथे बरं नाही.

दिसलाच तर? धावायचं नाही! एरवी मी तुम्हाला दर वेळी धावायला सांगते, पण इथे नाही. पाठ फिरवायची नाही, उभं राहायचं, एकमेकांजवळ यायचं आणि सावकाश मागे सरकायचं. त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवायची. मोबाइल काढून मागे लागायचं नाही.

आणखी एक, हे फार महत्त्वाचं. धावून झाल्यावर केळं खायचं, साल फेकायची, उरलेलं बिस्किट कुत्र्याला घालायचं, हे आपण भूतदया म्हणून करतो. पण खाणं पडलं की कुत्री जमतात, आणि कुत्रा हे शहराच्या कडेला राहणाऱ्या बिबट्याचं हमखास भक्ष्य. म्हणजे आपल्या हातच्या पार्ले-जीने आपण बिबट्याला गेटपर्यंत बोलावतो! साल, रॅपर, जेलचं पाकीट, सगळं परत बॅगेत.

आता शेवटचा मुद्दा. जुलै २०२४ मध्ये ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन झालं. जवळपास बारा किलोमीटरचा हा मार्ग याच जंगलाच्या खालून जायचा आहे. घोडबंदरला तासन्‌तास अडकलेल्या माणसाला बोगदा नको असं सांगायची माझी हिंमत नाही, मी स्वतः तिथे अडकलेली आहे. पण वर काय आहे हे ठाऊक असलेली माणसं शहरात जितकी जास्त, तितकं खाली काम करणाऱ्यांवर लक्ष राहील. किती झाडं जाणार, त्यांच्या बदल्यात कुठे लागणार, ओढ्यांचं काय होणार, हे प्रश्न विचारायला आधी ते ओढे पाहिलेले असावे लागतात. ज्यांनी या रस्त्यावर घाम गाळलाय, त्यांना नकाशावरचा हिरवा ठिपका नुसता ठिपका वाटत नाही. आरेच्या वेळी हे दिसलंच.

बाकी मेडल जानेवारीत मिळेलच, सोशल मीडियावर फोटोही पडेल. त्याआधीचे रविवार मात्र या जंगलाचे. शूजना माती लागू द्या, कान्हेरीचा चढ एकदा तरी न थांबता चढा, मावशींकडून काकडी घ्या, घासाघीस करू नका.

रविवारी गेटवर भेटूच. उजाडल्यावर!